दुपारचा आरसा

२ फेब्रुवारी १९५५, सिंदेवाही
सिद्ध करावयाचे ते असे : माझी प्रकृती उत्तम असून सूनबाई कमलचा आक्षेप निराधार आहे. आक्षेप तिच्याच शब्दांत : "मामाजी, सकाळी पापण्या सुजून राह्यल्या तुमच्या." रोज दु. २ वाजता आरशात पाहून नोंद करीन.

७ फेब्रु.
पाच दिवस पापण्या निर्दोष. नोंदी कमलला वाचून दाखविल्या. म्हणाली, "तुमचा आरसा दुपारी उठते का जी?"
उद्यापासून सकाळीही पाहीन.

८ फेब्रु.
चहापूर्वी पाहिले. दोन्ही पापण्या फुगलेल्या. दुपारी सूज नाही. म्हणजे पाच नोंदी अवेळी घेतलेल्या, पद्धतीतील उणीव. तथापि अतिनिद्रा हे कारण अद्याप संभवते.

११ फेब्रु.
सायं. वहाणेचा पट्टा रुतला. कमलने नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.
"कणीक चांगली मळली असन तं दाबली का वर येते. तुमचा पाय नाई येत."
काशीत सहा वर्षे न्यायशास्त्र पढलो. या दृष्टान्ताचे खंडन करता आले नाही.
"चांद्याले चला, उद्याच्या गाडीनं."
परवा, म्हणालो.
"उद्या."

१२ फेब्रु., चांदा
डॉ.नी लघवी काचनळीत उकळून आम्लाचे थेंब टाकले. पांढरा ढग उतरला. मूत्रपिंडाचा विकार, आरंभीचा. "लवकर आलात. लोक धाप लागल्यावर येतात." मी म्हणालो, आलो नाही, आणला गेलो. लघवीला फेस येतो का, असे विचारले. 'लक्ष दिले नाही' असे उत्तर दिले.
मीठ बंद.

२६ फेब्रु., सिंदेवाही
अळणी वरण, अंबाडीची भाजी. "तोंड वाकडं करू नका, मीनं आधी चाखली." आंबटपणाने मिठाची उणीव बरीच झाकते. पट्टा जुन्या छिद्रावर आला. सकाळच्या पापण्या आता कमल पाहते, मी केवळ लिहितो. आज : "कालच्याहून कमी."

११ मार्च
उद्या चांद्याला पुन्हा नळी उकळणार. ढग विरळ होईल अशी आशा आहे; निष्कर्षास आधार अपुरा.
एक चूक मात्र निःसंशय. लघवीचा फेस मला मोरीत दिवाळीपासून दिसत होता, पाणी ओतले तरी मोडत नसे. 'प्रकृती उत्तम' या माझ्या प्रतिज्ञेस बाधक म्हणून वहीत घेतला नाही, डॉ.पासूनही लपविला. उद्या सांगेन. कमलला आज सांगितले.
तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मोरी कोन धुते, मामाजी?"

चूक मान्य.
(सही) ना. वि. शास्त्री