घरात शांती हवी म्हणून

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही, म्हणून लिहायला बसले. शारजातला, अल नहदातला आपला फ्लॅट. शुक्रवारची सकाळ, हॉलमध्ये पोहे खात बसलेले तुम्ही आणि तुमच्या ऑफिसातले काका. काकांची मुलगी माझ्या वर्गात, माझी एकुलती एक मैत्रीण. तुम्ही आम्हा दोघींना त्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाची गोष्ट सांगताय. अथेन्समध्ये त्याची बाग होती, तिथे तो मित्रांना घेऊन राहायचा, पाव आणि पाण्यावर खूश असायचा. "सुखाला फार लागत नाही गं," तुम्ही म्हणता, "पोटापुरतं अन्न, मनाला शांती आणि जिवाभावाचे मित्र. त्यातही मित्र आधी." काका हसतात, "मग आपण तर श्रीमंतच की!" माझी मैत्रीण मात्र प्रश्नांवर प्रश्न विचारत राहते, आणि तुम्हाला ते फार आवडतं.

आम्ही दहावीत असताना काकांची नोकरी गेली. व्हिसा रद्द, कंपनीचा फ्लॅट सोडायचा आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर. काका आले, सोफ्याच्या कडेला टेकले. "पोरीला परीक्षेपर्यंत ठेवून घ्याल का? व्हिजिट व्हिसाचं मी बघतो." आई आतूनच म्हणाली, "ठेवू की, त्यात विचारायचं काय!" आणि माझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा करायला लागली. तुम्ही म्हणालात, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर फोनवर तुम्ही काकांना सांगितलंत, "बिल्डिंगवाले ऐकत नाहीत रे. बाहेरचं कुणी ठेवू देत नाहीत. खलास, माझा नाइलाज आहे." तुम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. "बाबा, यू डिडन्ट इव्हन आस्क देम!" मी ओरडले. तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुसऱ्याची संकटं घरात आणली की मनाची शांती जाते. एवढं शिकवलं मी तुला, त्यातलं हे विसरलीस?"

आईनं माझे कपडे परत त्या कप्प्यात लावले. काकांशी संबंध ठेवले तर आपल्या नोकरीवरही गदा येईल अशी भीती तुम्हाला होती, हे तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. मग घाबरलो म्हणायचं होतं, बाबा. मी समजून घेतलं असतं. तुम्ही तुमच्या भित्रेपणाला शांती म्हणालात आणि मी ज्यावर विश्वास ठेवून वाढले, तेच माझ्या तोंडावर फेकलंत. माझी मैत्रीण पुण्याला गेली, तिचं वर्ष वाया गेलं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला हॉलमधून हाक मारलीत. मी गेले नाही, त्यानंतर कधीच नाही.

परवा पुण्यात एका लग्नात ती भेटली. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्या बाबांमुळे हा विषय घेतला मी. त्या बिल्डिंगवाल्यांनी अडवलं नसतं ना, तर ठेवून घेतलं असतं त्यांनी मला. किती वाईट वाटलं असेल गं त्यांना!" खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी "हो" म्हटलं. तिला दुखवायचं नव्हतं असं मी परतीच्या विमानात स्वतःला सांगत होते, पण ते खरं नाही. तुमच्याबद्दल मनात काही किल्मिष नसलेलं एक तरी माणूस राहावं, असं मला वाटलं.