कुटुंबीयांसाठी राखीव खुर्ची

पनवेल, सोमवार

ती. मालूताईस,

धाकट्या बळीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तुझे पाय तिकडे गावी नेऱ्यात आणि माझं डोकं पनवेलात असल्यामुळे तूर्त ते टेबलावर टेकवलं आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस विकलीस असं कानावर आलं. बरं केलंस, वाकणं तरी वाचलं. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, याला आता नऊ वर्षं झाली. पत्र ठेवून द्यायचं म्हटलं तरी आधी नातीकडून वाचून घ्यावं लागेल. (चारुता बाळ, आजीला वाचून दाखवताना कंसातलं गाळू नकोस.) माझी तब्येत ठणठणीत. साखर आहे, पण ती जुनी.

पत्रास कारण म्हणजे काल आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला. म्हणजे करायचा ठरवला होता. सेक्रेटरी परेशला कुठूनसं कळलं, की चौथ्या मजल्यावरच्या या म्हाताऱ्याने हिंदी सिनेमात अडतीस वर्षं काढली. त्याने घरी येऊन विचारलं, तुमचा गाजलेला रोल कोणता? आता काय सांगणार? दोनशेबारा सिनेमांत मी नोकर होतो. कधी रामू, कधी दीनू, बऱ्याचदा नुसताच 'कोई है?'. असं कुणी ओरडलं की मी पंचा सावरत यायचो. माझा गाजलेला संवाद म्हणजे 'छोटे मालिक, खाना लगा दूँ?', आणि त्यावर छोटे मालिक ठरल्याप्रमाणे म्हणायचे, 'भूख नहीं है'. अडतीस वर्षांत माझ्या हातचं कुणी जेवलं नाही. आता तर सिनेमातल्या घरांत नोकरच नसतात, हिरो स्वतः फ्रिज उघडतो. त्यामुळे आमचं कामच संपलं.

तर सत्कार. स्टेजवर लाल मखमलीची खुर्ची होती, माझ्या नावाची. शेजारी प्रमुख पाहुणे, एक मोठे बिल्डर. मी वर चढलो, पाहुणे बसले, आणि माझे पाय आपोआप त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. (मालक बसला की दीड पाऊल मागे, डाव्या अंगाला, हात पुढे बांधून. हे मला कुणी शिकवलं तेही आठवत नाही.) घाम पुसायला घेतलेला पंचा खांद्यावरच होता. पाहुण्यांना ठसका लागला. मी ट्रेमधून पाणी दिलं. त्यांनी मागे न बघता घेतलं, अगदी बरोबर घेतलं, हाडाचे मालक. सूत्रसंचालन करणारी मनस्वी म्हणाली, ''काका, जरा मागे व्हा ना, फ्रेममध्ये येताय.'' कॅमेऱ्याची हद्द मला डोळे मिटून कळते. तीन पावलांत बाहेर झालो. मग रिकामी खुर्ची बघून पाहुण्यांचे सासरे तिच्यात बसले, 'ज्येष्ठ अभिनेते' असा पुकारा झाला, आणि शाल-श्रीफळ त्यांच्या अंगावर गेलं. तबक मीच धरलं होतं. टाळ्याही वाजवल्या. परेशला चूक कळली तेव्हा मी मागे समोशांच्या प्लेटा भरत होतो. बिचारा रडकुंडीला आला. शाल तोवर सासऱ्यांच्या पिशवीत गेली होती.

याचं मला हसू आलं, खरंच. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर 'कुटुंबीय' असा कागद चिकटवला होता. परेशने विचारलं होतं, घरचं कोण येणार? मी तोंड वर करून सांगितलं, माझी थोरली बहीण येणार. तुला मात्र कळवण्याची हिंमत झाली नाही. कार्यक्रमभर त्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स आणि हेल्मेट होतं. स्टेजवरून मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

ताई, दाजी गेले त्या दिवशी मी खोट्या तिरडीजवळ उभा होतो. मोठे मालिक मेले होते, आणि मी पहिल्या शॉटला त्यांच्या पायाशी रडलो होतो. म्हणून पुढे आठवडाभर प्रत्येक शॉटला तिथंच रडणारा मी लागत होतो. सोडा म्हणालो, नाही सोडलं. भांडून निघायला हवं होतं, नाही निघालो. ते मालिक मधल्या सुट्टीत उठून चहा प्यायचे आणि मी दाजींना आठवून रडायचो. सगळे म्हणाले, काय काम केलंस. दहाव्याला आलो तेव्हा तू दारातच म्हणालीस, ''तिकरं रडून झाला ना? मंग आता हिकरं काय काम नाय.'' बरोबर बोललीस.

असो. फोटो बिघडल्यामुळे येत्या रविवारी सोसायटी सत्कार पुन्हा करणार आहे. अकरा वाजता. कुटुंबीयांपैकी कुणीतरी असणं सक्तीचं आहे, असं परेश म्हणतो. तर यावे.

तुझा,
बळीराम

ता.क. एसटी स्टँडपासून रिक्षा कर, चालत येऊ नकोस. लिफ्ट चालू आहे.

ता.क. करंजा बंदराची सुकट तुझ्याकडे असली तर मूठभर आण. नसली तर राहू दे, मी इथे बघतो.

ता.क. सत्कार पुन्हा होणार नाही. परेशने माफी मागितली आणि विषय संपला. रविवारी अकराला फक्त मी आहे. वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या करणार आहे. (दोन भाकऱ्या करून बघितल्या, एक गोल झाली.) खुर्चीवरचा तो कागद मी सोडवून आणला आणि घरातल्या खुर्चीला लावला आहे. तू ये, बस, आणि मी वाढायला लागलो की एवढंच कर, भूक नाही म्हणू नकोस.