शेट्यांच्या लग्नाची कॅसेट

सोम., १६ फेब्रु.
आमच्या थेटरच्या सिनेमा-आठवड्याचं उद्घाटन झालं एकदाचं. नव्वदपैकी ऐंशीवर खुर्च्या भरल्या. गोदामाला अजून हळदीचा वास येतो, अशी एकाची तक्रार. बाबा रे, चाळीस वर्षं हळदच होती इथे, थेटर होऊन सहाच झाली. वास जाणार कुठे?

पहिला माहितीपट माण तालुक्यातल्या मेंढपाळांवरचा. म्हसवडहून टेम्पो भरून माणसं आलेली. मध्येच एक म्हातारबाबा उभे राहिले, काठी पडद्याकडे. "आवं, थांबवा! ती कानफाटी मेंढी माजी हाय!" रशीदचाचांनी (आमचे ऑपरेटर. थेटर माझं, पण चालतं त्यांच्या मर्जीने.) खरंच थांबवलं. बाबांनी पडद्याजवळ जाऊन खात्री केली. "मेली ती, दोन वर्सं झाली," म्हणाले आणि रडायलाच लागले. लोक हसले. मीही हसले.

आबांचा फोन. रविवारी समारोपाला म्हसवडहून येणार. "सिंधू, फुडची खुर्ची ठेव, मागनं ऐकू येत न्हाई." फौजेतून येऊन वीस वर्षं झाली तरी आमचे वडील बोलत नाहीत, हुकूम सोडतात.

मंगळ., १७
लग्नाच्या कॅसेटींचा दिवस. घरात पडलेली कॅसेट आणा, मोठ्या पडद्यावर दाखवू, असं जाहीर केलं होतं. पोतंभर आल्या. चाचांनी बुरशी पुसून पुसून पाच चालत्या केल्या.

तिसरी तासगावच्या आप्पा शेट्यांची. बेदाण्याचे व्यापारी. सगळं गणगोत घेऊन आले. त्यांच्या बायको शोभावहिनी स्वतःलाच बघून तोंडावर पदर घेत होत्या. "किती वाळकी हुते गं मी!" सुरुवातीला गुलाबाच्या फुलातून नवरा-नवरीची नावं आणि तारीख. मी सहावीत होते तेव्हाची.

नवरीची ओटी भरायला बायकांची रांग. शूटिंगवाला एकेकीच्या तोंडावर दिवा मारतोय. सातवी की आठवी बाई डाव्या हाताने ओटी भरायला गेली. कोणीतरी टोकलं. तिने हात बदलला, जीभ चावली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

माझी आई.

चंदनाचा हार घातलेल्या फोटोतलीच. मी तीन वर्षांची असताना तापाने गेलेली. आणि मी सहावीत असताना तासगावला ओटी भरतेय.

सारखी दिसतात माणसं, असं स्वतःला बजावलं. शेजारी आत्या होती. तिनेच मला सांगलीत आणून वाढवलं, तिला विचारावं म्हणून वळले, तर खुर्ची रिकामी. चपला खाली तशाच. अनवाणी गेली होती.

पुढचं काही आठवत नाही. शेवटी आभार मीच मानले म्हणे.

बुध., १८
झोप नाही. सकाळी आठला थेटर उघडून चाचांकडून कॅसेट लावून घेतली, एकटी बसले. अकरा वेळा बघितली. कपाळाला कुंकू. गळ्यात मंगळसूत्र. हातभर हिरवा चुडा. आणि तो डावा हात. मीही डावखुरी. आबांनी फटके देऊन जेवणापुरता उजवा केला, लिहिण्याचा काही झाला नाही. हे पण डाव्यानेच लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय.

मग आवाज वाढवला. सनई, पोरांचा दंगा, आणि कॅमेऱ्याच्या मागून कोणीतरी –
"उजव्या हातानं गं, कमल!"

कमल आईचंच नाव. आणि आवाज आत्याचा. अडतीस वर्षं तोच आवाज मला "ऊठ गं" म्हणतोय, मी ओळखणार नाही होय?

चाचा म्हणाले, "बेटी, टेप झिजंल." मी म्हटलं, झिजू दे.

संध्याकाळी मूकपट, सोबतीला पेटी आणि तबला. पडद्यावर सगळे तोंडं हलवतायत आणि कोणी काही सांगत नाही. मला बसवेना, उठून आले. घरी आत्याने भाकरी केल्या, मी खाल्ल्या.

गुरु., १९
शिवजयंती, शो बंद. सकाळपासून रस्त्यावर ढोल. आत्याच्या चपला आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या. "थेटरात राहिल्या तुझ्या."

तिने चपलांकडे बघितलं. म्हणाली, "कवातरी हे व्हणारच हुतं."

जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. आबा सीमेवर. आई म्हसवडला सासरी. तिला जतला बालवाडीच्या बाईंचं शिक्षण मिळालं, सहा महिन्यांचं. आजी म्हणाली, जायचं तर पोर ठेवून जा. ती ठेवून गेली. सहा महिन्यांसाठी. आबा सुट्टीवर आले ते तापलेलेच. अंगणात बसून, गल्ली बघत असताना, तिच्या नावाने डोक्यावर पाणी ओतून घेतलं. कोणी मेल्यावर करतात ती आंघोळ. जितीजागती बायको जतला फळ्यावर चित्रं काढत असताना!

"एकदा आंगूळ केली की केली. फौजी मानूस, माघारी कसा घील?"

सहा महिन्यांनी आई परत आली. दार उघडलं नाही कोणी. मला आत्याकडे पाठवून दिलं होतं आणि सांगितलं होतं, ताप आला आणि गेली.

"मग नवमी?" मी विचारलं. दर पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला आईच्या नावाने आम्ही सवाष्ण जेवू घालतो. दहा वर्षांची असल्यापासून मी पुरण वाटतेय. आबा येऊन गच्चीवर पान ठेवतात. कावळा लगेच शिवतो. त्यालाही फसवलं आपण!

आत्या म्हणाली, "तिला आवडतं तेच करायची मी. मनात म्हनायची, खा बाई, जितं असशील तितं."

आणि दर संकष्टीला ही तासगावच्या गणपतीला जायची ती कशाला? देवळात आई यायची, जतहून एसटीने. शेट्यांच्या लग्नालाही आईनेच हिला बोलावून घेतलं होतं. माझी प्रगतिपुस्तकं, शाळेतले फोटो, पहिला कापलेला केसांचा शेपटा, सगळं पिशवीतून जायचं. येताना माझ्यासाठी मोदक. ते कोणी केलेले होते, हे आज कळलं. ओळीने सगळे खाल्ले मी, आणि एकदाही विचारलं नाही की देवळातला प्रसाद दर वेळी घरच्यासारखा कसा.

"मला का नाही सांगितलंस?"

"भावाला शबुद दिलेला. म्हटलं, तू धावी होस्तवर. मग म्हटलं, लगीन होस्तवर. तुजं लगीन बी झालं न्हाई. मग सवय लागली गं."

सवय! ओरडले मी. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. ढोलांमुळे शेजारी कोणाला ऐकू गेलं नाही.

गुडघे गेल्यापासून, दोन वर्षं, हिचं तासगाव बंद आहे. एक प्रश्न विचारायचा राहिला. विचारायचा धीर झाला नाही.

शुक्र., २०
समारोपाला एक कॅसेट परत दाखवायची, प्रेक्षकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेली. शेट्यांची निवडून आली. येणारच, अर्धं थेटर त्यांच्याच घरचं होतं. कळवायला शोभावहिनींना फोन केला. बोलता बोलता, अगदी सहज (सहज! पदर पिळून पिळून बोळा झाला होता हातात), विचारलं, ती ओटी भरणारी डावखुरी बाई कोण?

"त्या व्हय? कमलबाई! जतला माज्या माहेरी शेजारी भाड्यानं ऱ्हायच्या. बालवाडीच्या बाई. माज्या धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं. नवरा फौजेत हाय म्हनायच्या, पर कवा कुनी बगितला न्हाई."

"आता?" एवढंच निघालं तोंडातून.

"आता हायत की! पाय दुखत्यात तेवडं. रविवारी घिऊन येऊ का? सोताला बगून लय हसतील."

मी म्हटलं, आणा.

फोन ठेवला आणि गोदामाच्या पायरीवर बसले ती बसलेच. माझी आई जिवंत आहे. ज्या बाईसाठी मी इतकी वर्षं पुरण वाटलं, तिचे पाय दुखतात. मला आनंद झाला की राग आला, हे अजून ठरवता येत नाही. रडू तर येतच नाहीये.

शनि., २१
मुलांचा शो. पोरांनी खुर्च्यांखाली चुरमुऱ्याचा सडा घातला. माझं लक्ष नव्हतं.

दुपारी आबांना फोन. "उद्या येऊ नका, गर्दी आहे फार."
"गर्दीला मी भितो व्हय? सदरा इस्त्री करून ठेवलाय. सकाळची एसटी हाय."
"आबा –"
"काय?"
"काही नाही. औषधं घेऊन या."

फोन ठेवल्यावर त्यांना जे सुनवायचं होतं ते सगळं भिंतीला सुनावलं. म्हटलं, तुमचा शब्द राहिला, माझी आई गेली.

आत्या म्हणते, मी येणार नाही. चाचांना काही सांगितलेलं नाही, पण तो माणूस आंधळा नाही. म्हणाले, "दुसरी कॅसेट लावू? टेप तुटली म्हनू." मोह झाला. खूप झाला. पण एका घरात एकाने खोटं सांगितलं, ते अडतीस वर्षं पुरलं. आता मी नवीन सुरू करणार नाही.

रवि., २२
केबिनमध्ये बसून लिहितेय. शो चालू आहे, दुपारचा चारचा.

आबा पहिल्या रांगेत. पांढरी टोपी, कडक सदरा. आल्या आल्या खुर्ची हलते म्हणून मला बोलले. कोणती कॅसेट लागणार ते विचारलंच नाही, मीही सांगितलं नाही.

आत्या आली. न येणारी. आबांच्या शेजारची जागा ठेवली होती, तिथे बसली.

शेट्यांची गाडी उशिरा आली. दिवे मालवून झाले होते. दारातून उजेडाची पट्टी आत आली, त्यात शोभावहिनी, आणि त्यांच्या आधाराने एक म्हातारी बाई. डोक्यावरून पदर. काठी डाव्या हातात. दार लागलं. चेहरा दिसला नाही मला. शेवटच्या रांगेत बसल्या.

गुलाबाचं फूल आलं. नावं आली. ओटीची रांग. पाच, सहा, सात.

"उजव्या हातानं गं, कमल!"

लोक हसले, मंगळवारी हसले होते तसेच. आबा खुर्चीत ताठ झाले. मग अख्ख्या थेटरला ऐकू जाईल असा हुकूम, "सिंधू! मागं घे!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी मागे घेतली. परत तो डावा हात, परत ती जीभ चावणं, परत हसणं.

"परत."

तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्या उठली, भिंतीला धरून धरून मागे गेली आणि शेवटच्या रांगेत त्या बाईच्या शेजारी बसली. आबांनी वळून बघितलं नाही. त्यांना फक्त समोरचंच दिसतंय.

"परत लाव," म्हणाले. या वेळी हुकूम नव्हता. विनंती करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

चाचांना सांगितलं, आता पुढे जाऊ द्या. पंगत चालू आहे पडद्यावर. मग वरात, मग संपली. नऊ मिनिटं राहिली आहेत. संपल्यावर दिवे लावावे लागतात. बटण माझ्या डाव्या हाताशी आहे.