घरचा काटा, दवाखान्याचा काटा

गुरुवार, जेवणं झाल्यावर

आज सकाळी घरच्या काट्यावर बहात्तर. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांना हवा तेवढाच आकडा, म्हणून नगरला जाताना मी रस्ताभर खुशीत. दवाखान्याच्या काट्यावर मात्र चौऱ्याहत्तर. ऑपरेशन पुढे गेलं. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बूट काढायला लावून आमचं वजन करायच्या, तेव्हा आकडा वाढला की आई खूश व्हायची. किती सोपं होतं.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, तुम्ही उभे राहा, काटा खोटा आहे का ते कळेल. दिवाळीत आणला तेव्हा हे बासष्ट भरले होते. आज अठ्ठावन्न. म्हणजे काटाच कमी दाखवतो. रागाने तो कपाटाखाली ढकलायला वाकले, तर ह्यांचा कमरेचा पट्टा दिसला. त्याला दाभणाने पाडलेलं एक नवं, वाकडं भोक.

"हे कधी पाडलं?"

"झाला महिना. पँट ऱ्हाईना कमरंवर."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू समोर बसून कोरडी भाकरी खानार, अन् मी तूप घालून? घास उतरत न्हाई."

इतक्या वर्षांनीही हे आपल्या गावचं, काष्टीचंच बोलतात.

काटा खोटा असेलही. ते वाकडं भोक खोटं कसं असेल? मी रोज स्वतःचाच आकडा बघत बसले.

आज ह्यांच्या भाकरीवर तूप वाढलं, तर ताट बाजूला सारलं. मग मीही अर्धा चमचा घेतला. तेव्हा कुठे जेवले.