शेपटी तव्याबाहेर

मी, खाली सही करणार, तळेवाले या नावाने पंचक्रोशीत ओळखला जाणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास (वर्गात पहिला, वर्गात आम्ही दोघेच होतो, परंतु दुसराही हुशार होता), धंदा मासळीचा, दृष्टी एका डोळ्याने उत्तम, शुद्धीवर राहून स्वहस्ते लिहितो की, हे पत्र मजकडून कोणीही जबरदस्तीने लिहवून घेतलेले नाही. नातीने आग्रह केला. परंतु आग्रह म्हणजे जबरदस्ती नव्हे.

मेव्हणेबुवांस सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? झोप पूर्वीप्रमाणेच उत्तम लागत असेल, असे गृहीत धरतो (यात टोमणा नाही, असलाच तर तो जुन्या सवयीचा समजावा). माझी प्रकृती ठीक आहे. फक्त तुमची बहीण गेल्यापासून या घरात माझे म्हणणे कोणी खोडून काढीत नाही. मी चुकीचे बोललो तरी ते तसेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यावर विश्वास ठेवू लागतो. याने माणसाची तब्येत बिघडते, हे कोणत्याही डॉक्टरास ठाऊक नाही.

पत्राचा विषय आमचे तळे हा आहे. तळ्याचा नियम तुम्हांस ठाऊक आहेच, तरी हे पत्र पुढेमागे दुसऱ्या कोणाच्या हाती पडल्यास त्यास समजावे म्हणून लिहितो. वडिलांनी नियम घालून दिला होता की, जाळ्यात लहान मासा आला तर सोडायचा आणि मोठा आला तर ठेवायचा. लहानाला अजून जगायचे आहे. मोठ्याचे जगून झाले. हा नियम मी आयुष्यभर पाळला. मध्यम मासा आला तर मी त्यास संशयाचा फायदा देत असे. लोक म्हणत, तळेवाले दयाळू आहेत. मीही तसेच म्हणत असे, फक्त मोठ्याने नव्हे.

आता तव्याविषयी. तुमच्या बहिणीने लग्नानंतर जो लोखंडी तवा चुलीवर ठेवला, तोच शेवटपर्यंत चालवला. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या तळ्याचा मासा त्या तव्यात मावत नसे. शेपटी बाहेर राही. ती शेपटी तोडून शेवटी वेगळी भाजायची आणि तव्यापाशी बसून स्वतः खायची. तिला शेपटीच आवडते, असे ती म्हणे. पुढे मासा तव्यात बरोबर मावू लागला. त्याच्याही पुढे दोन मासे शेजारी शेजारी निजू लागले. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मासे लहान होत चाललेत." मी म्हणालो, "मासे आहेत तेवढेच आहेत. तवा वापरून वापरून पसरलाय." ती म्हणाली, "लोखंड पसरतं होय? मग तुम्ही कसे नाही पसरलात?" यावर, उष्णतेने लोखंड प्रसरण पावते, हे चौथीच्या पुस्तकातले वाक्य मी तिला जसेच्या तसे ऐकवले. ती म्हणाली, "आणि थंड झाल्यावर?" पुढचे वाक्य मला आठवले नाही, म्हणून मी जेवायला वाढण्यास सांगितले.

हा वाद किती वर्षे चालला ते सांगता येणार नाही, कारण तो आमच्या संसाराचाच एक भाग झाला होता. मी मात्र गुपचूप उपाय करीत होतो. माशांना कोंडा घातला. ते गोल झाले, लांब झाले नाहीत. बगळ्यावर संशय घेतला आणि काठी घेऊन काठावर बसलो. बगळा माझ्या शेजारी येऊन बसला. दरम्यान मासा इतका आखूड झाला की शेपटी माशासकट माझ्या ताटात येऊ लागली. तिने ती कधी मागितली नाही.

त्यानंतरचे तुम्हांस ठाऊक आहे. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी तुम्ही दुपारी पोहोचलात, हातात पत्र्याचा झाकणाचा डबा घेऊन. मी दारात सर्वांसमक्ष एक वाक्य बोललो. त्याचा पुनरुच्चार करीत नाही; तुमच्या झोपेचा त्यात उल्लेख होता, एवढेच नमूद करतो. तुम्ही डबा पायरीवर ठेवलात आणि पाणीही न घेता परत गेलात. डब्यात काय आहे ते मी पाहिले नाही. मला त्या दिवशी पाहण्यासारखे दुसरे होते.

आता परवाची हकीगत. मी जाळे ओढले आणि जाळ्यात हातभर लांबीचा मासा आला. पाठ काळी, पोट पिवळसर, माझ्या तरुणपणी येत असे अगदी तसा. मी काठावरून इतका मोठ्याने ओरडलो की शेजारचा सायकलवाला, कोणी बुडाले असे समजून, दोर घेऊन धावत आला. मी त्यास सांगितले की जुना मासा परत आला, आमच्या तळ्यात काही बिघडलेले नाही, आणि ही गोष्ट आता स्वयंपाकघरात कळवली पाहिजे. मग स्वयंपाकघरात कोणी नाही हे आठवले. तरीही मी आत गेलो, तवा घेऊन आलो आणि मासा ओल्या हातांनी तव्यावर आडवा धरला.

शेपटी बाहेर राहिली.

तेवढ्यात नात आली. (ती कॉलेजात जीवशास्त्र शिकते.) ती म्हणाली, "आजोबा, तो आपला नाही. तो मामाआजोबांचा आहे. त्या दिवशी डबा मीच तळ्यात ओतला होता. आजीनं निरोप पाठवून मागवला होता. म्हणाली होती, एक जिवंत आणायला सांग, यांना तव्यावर ठेवून दाखवायचाय."

मी तो मासा पाण्यात सोडला. मोठा मासा मी आयुष्यात प्रथमच सोडला. नंतर पायरीवर बसलो आणि नातीने मला जे सांगितले ते मी मध्ये न बोलता ऐकले (साक्षीदार आहेत). ती म्हणाली की एकाच आईची पिल्लेही सारखी नसतात. काही लांब वाढतात, काही आखूड असतानाच अंडी घालू लागतात, आणि पिल्ले बहुधा आईबापांवर जातात. ज्याला अंडी घालण्याइतके जगता आले, त्याचेच वळण पुढे चालते. "तुम्ही लांब तेवढे उचललेत, आखूड तेवढे सोडलेत. मग पुढच्या पिढीला आईबाप कोण मिळाले?" मी विचारले, मासे जगण्यासाठी मुद्दाम लहान राहिले काय? ती म्हणाली, "नाही हो. मासा काहीच ठरवत नाही. कोणीच ठरवत नाही. जाळं निवडतं." मी म्हणालो, "जाळे माझ्या हातात होते." ती गप्प बसली. (ती आजीवर गेली आहे, पण आजी गप्प बसली नसती.)

कोंड्याविषयीही विचारले. ती म्हणाली, खाऊन आलेला जाडेपणा पिल्लांत उतरत नाही. मी तिच्या वडिलांचे उदाहरण दिले. ती म्हणाली, बाबांचे उदाहरण शास्त्रात धरत नाहीत. मग मी विचारले की आजपासून मोठे सोडू लागलो तर? ती म्हणाली, "होईल सुधारणा. पण जेवढ्या लवकर बिघडलं तेवढ्या लवकर नाही. पिढ्या लागतील." कोणाच्या पिढ्या, हे मी विचारले नाही.

आता तुमच्या तळ्याविषयी. आमच्याकडे शेपटी अजून तव्याबाहेर राहत असे त्या काळात तुम्ही तळे खणले, तेव्हा तुमच्या बहिणीने आमच्या तळ्यातली बोटभर पिल्ले दोन बादल्यांतून तुमच्याकडे नेली होती. मासे गुदमरू नयेत म्हणून बसमध्ये वाटभर हाताने पाणी हलवीत बसली होती. पदर कोपरापर्यंत भिजला होता. त्या तळ्यात तुम्ही कधीही जाळे ओढले नाही. गळ टाकता आणि झोपता. आमिष मासा खातो. तिथे बगळा लहान टिपतो आणि मोठ्याला कोणी हात लावीत नाही. म्हणजे ज्या गोष्टीस मी प्रत्येक लग्नकार्यात आळस असे संबोधले, तिने आमच्या वडिलांचे मासे जपले, आणि माझ्या दयेने ते संपवले. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिले. त्यात चूक आढळली नाही.

कळावे. लोभ पूर्वी जेवढा होता तेवढा तरी असावा.

आपला,
तळेवाले

ता. क. तुम्ही आणलेला मासा सुखरूप आहे. संध्याकाळी पायरीजवळ येतो. परंतु एकटा आहे. एकट्याने वंश चालत नाही, हे चौथी पासलाही कळते. तरी तुमच्या तळ्यातली दहावीस पिल्ले मिळाल्यास उपकार होतील.

ता. क. दुसरा. पिल्ले कोणाबरोबर पाठवू नयेत. वाटेत पाणी हलवायचे लोक विसरतात. तुम्ही स्वतः घेऊन यावे. उशीर झाला तरी चालेल. मी दारात काही बोलणार नाही.

ता. क. तिसरा. पिल्ले नसली तरी यावे.

हे पत्र लिहिते समयी हजर असलेले साक्षीदार:
१. नात (शुद्धलेखन तपासू दिलेले नाही).
२. शेजारचा सायकलवाला (दोरासह).
३. तवा, जो मोठा झालेला नाही.