माहेरचा एक्सल

हडपसर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. गेनबास विजयमालाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहिते कारण तुझा फोन सगळं घर मिळून ऐकतं. हे तू एकट्याने वाच.

एक्सल पोचला. मी नर्सरीच्या ट्रॉलीसाठी जुना एक्सल मागितला होता, तू नवरी पाठवलीस. लाल ऑइलपेंट, चंदेरी पट्टे, हळदकुंकू, झेंडूची माळ. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड रंगवून पुजतोस ते माहीत आहे. पण याला तरी सोडायचंस.

ट्रॉली बनवणारे रियाजभाई म्हणाले, ताई, रंगाच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी याला चाक लावणार नाही, खरडून आणा. तर तुझे दाजी आडवे आले. माहेरची वस्तू, पुजलेली, तिला तारेचा ब्रश लावायचा नाही, गेनबाला काय वाटेल! तुझ्या मनाची भारी काळजी त्यांना. तुझ्या रानातली माती भरून दिवे घाट उतरायचाय तो त्यांनाच, त्याची नाही.

म्हणून सरळ विचारते. कुठल्या गाडीचा? कधी वाकला, कधी जोडला? रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

तुझ्या बायकोला, उत्कर्षाला, आशीर्वाद. पोरांना पापे.

तुझी
आक्का


सासवड
१९ ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. समद्यांनी वाचलं. उत्कर्षा रडली, माळ तिनं ओवली व्हती.

भंगारवाला दोनदा मागून गेला, म्या दिला न्हाई. भनीसाठी ठिवला. रियाजभाईला सांग, आपल्या आण्णांच्या जीपचा हाय. जीप वढ्यात पालथी झाली तवा समदी चेपली, पण ह्यो मोडला न्हाई. जरा वाकला व्हता, रतन लोहारानं तापवून सरळ केला. वेल्डिंगचा येक टाका मारलाय, त्यो बी हौसंनं. ह्याच्याहून खात्रीचा तुमच्या पुण्यात घावणार न्हाई.

दाजी शाणा माणूस हाय, त्यांचं आयक. आन् ट्रॉली झाली की पैल्या फेरीला माती नगं. भाऊबिजेला मी, उत्कर्षा, पोरं, समदी त्यात बसून घाट उतरून तुझ्याकडं येतो. म्हायेरच्या वस्तूत म्हायेरची माणसं आधी बसाय पायजेत.

लोभ हाय तसाच हाय, फकस्त जरा दुखावलाय.

तुझा भाऊ
गेनबा


हडपसर
२७ ऑक्टोबर

चि. गेनबास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. जीप ओढ्यात पालथी, इथे ते खोकले. हौसेचा टाका, इथे त्यांनी चहा खाली ठेवला. पोरं ट्रॉलीत बसणार, इथे आपणहून उठले आणि तारेचा ब्रश घेऊन आले. मी एक्सल धरून बसले. टोमणा मारायची फार इच्छा होती.

रंग निघाला. टाका दिसला, आणि टाक्याला लागून बोटभर तडा. रियाजभाई म्हणाले, जोडलेला, तापवून सरळ केलेला एक्सल रिकामा कितीही पळेल, वजन घेऊन उताराला दगा देईल. तुझ्या लोहाराची हौस ऐकून ते हसले पण नाहीत.

मग भंगारबाजारातून दुसरा आणला. तोही जुनाच, पण आम्ही निवडून घेतलेला. दोरी ताणून सरळ आहे का पाहिलं, चाक फिरवून घरघर येते का ऐकलं, एवढी माती पेलेल का विचारलं. दाजी मधेच म्हणाले, गंजलाय, रंग देऊ का? मी नुसतं बघितलं.

तुझा एक्सल नर्सरीच्या दारात उभा पुरलाय, त्यावर कृष्णकमळाचा वेल चढवलाय. लोक विचारतात, मी सांगते, माहेरचा आहे. त्या कामाला तो पिढ्यान्पिढ्या टिकेल.

भाऊबिजेला सगळे एसटीने या. ट्रॉलीत माणसं बसवायची नसतात, चांगल्या एक्सलवरसुद्धा. रुसला असशील तर रुसूनच ये. रुसलेल्या भावाची समजूत घालायला मला जन्म पडलाय. तुम्ही सगळे घाटात राहिला असता तर मी कुणाची घालत बसले असते?

लोभ घेऊन ये, राग आणलास तरी पान वाढलेलं असेल.

तुझी
आक्का