मागच्या गाडीची चाकं

अहो,

टायरची हवा सांगणारं ते यंत्र आज एकदाचं ठरवलं. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय ते ठरलंय असं वाटेचना. म्हणून जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय. दमलेय हो. तुम्ही गेल्यापासून घरातली बारीकसारीक गोष्टसुद्धा मीच ठरवायची, आणि त्यात आता हे!

पर्थला दिनेशभाऊजींच्या अंगणात आपली मोटरहोम अजून उभी आहे. तिच्यामागे जोडून न्यायची ती छोटी गाडीही तिथेच आहे. भाऊजी फोन कार्ड संपेपर्यंत एकच विचारतात, "वहिनी, चाकांखाली गवत वाढलंय. एक माणूस दोन्ही गाड्या घ्यायला तयार आहे. काय सांगू त्याला?" मुक्ताचं तर कॉलेजातून आल्या आल्या इथल्या त्या इंग्रजीत सुरू होतं, "मा, जस्ट सेल इट लाह! हू विल ड्राइव्ह?"

कोण चालवणार! शेवटी तुमचीच लेक ती. तिला उत्तर लगेच हवं असतं.

आपली पहिली सफर आठवते का? आणि शेवटचीही तीच झाली. तुम्ही चालवत होतात, मी संत्र्याच्या फोडी हातावर ठेवत होते. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे वाळलेलं गवत. मागून एक ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता. "कसली घाई आहे एवढी याला!" म्हणून तुम्ही वैतागलात. शेवटी तो शेजारी आला आणि हात बाहेर काढून मागे दाखवू लागला.

उतरून बघतो तर काय! छोट्या गाडीच्या टायरच्या चिंध्या झालेल्या, रिम घासून तापलेली आणि धूर! पिण्याचं सगळं पाणी तुम्ही त्यावर ओतलंत. मग तिथेच कडेला फतकल मारून बसलात.

"सुनंदा, मला स्टिअरिंगवर काही म्हणजे काही कळलं नाही गं. मी तिला तशीच फरफटत आणली."

केवढे हिरमुसला होतात! पण एवढी मोठी गाडी हाकणाऱ्याला मागच्या गाडीचं बसलेलं चाक कळावं तरी कसं?

इथे परत आल्यावर तुम्हाला तोच ध्यास लागला. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात दिवसभर पाइपांमधले दाब बघायचे आणि घरी येऊन टायरच्या हवेबद्दल वाचत बसायचं. आणि स्वतःच्या रक्तदाबाची गोळी? ती मी हातावर ठेवली तरच पोटात जायची. आता यावर रागावू नको तर काय करू?

मग त्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलात, ते परत उतरलातच नाही.

ते यंत्र निवडायचं तुमचं अर्धं राहिलेलं काम मी हातात घेतलं खरं, पण डोकं पार शिणलं. दुकानातून दोन संच बघायला आणले. दोन्हींत व्हॉल्व्हवर टोपणासारखे सेन्सर बसवायचे, आणि हवा कमी झाली की चालवणाऱ्यापुढचा छोटा पडदा ओरडतो. साध्या संचात सगळ्या चाकांना कमीत कमी हवेची मर्यादा एकच. आपल्या मोठ्या गाडीला हवा लागते छोटीच्या जवळजवळ दुप्पट! मर्यादा मोठीची लावावी तर छोटी उगाच बोंबलणार, छोटीची लावावी तर मोठीचं चाक गुपचूप बसणार. दुसऱ्या संचात दोन्ही गाड्यांच्या मर्यादा वेगळ्या लावता येतात. पण अगदी मागच्या चाकाचा सिग्नल पुढपर्यंत पोचेल का?

मदतीला रहीम आला. इतकी वर्षं त्या बसमध्ये तुमच्या शेजारी बसून जाणारा रहीम. मला तो 'काक' म्हणतो, मलायमधली ताई. रविवारी बेडोकला त्याच्या इमारतीच्या कारपार्कमध्ये त्याने स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकाला सेन्सर लावला आणि मला पडदा घेऊन लांब उभं केलं. आकडा दिसेना. मग त्याने सिग्नल वाढवणारी डबी मध्ये ठेवली, तेव्हा दिसला. त्याने टायरमधली हवा सोडली आणि माझ्या हातातला पडदा असा काही किंचाळला की मी दचकलेच!

मी परत आले तरी तो चाकापाशीच उकिडवा बसलेला. मान खाली.

"काक, त्या दिवशी मी त्याच्या शेजारी होतो."

"माहीत आहे मला."

"खिडकीला डोकं टेकून होता. सकाळी आम्ही सगळेच झोपतो. मला वाटलं, झोपलाय. त्याची झोप मोडू नये म्हणून मीच ड्रायव्हरला रेडिओ हळू करायला सांगितला."

अहो, इतके महिने हे मनात घेऊन तो आपल्याकडे येत होता! ट्यूबलाइट बदलून देत होता, मुक्ताची चौकशी करत होता. मी त्याच्याजवळ जमिनीवरच बसले.

"रहीम, आम्ही दोघं जागे होतो, बोलत होतो, संत्री खात होतो. तरी मागे गाडी जळत होती ते आम्हाला कळलं नाही. तुला कसं कळणार होतं?"

तो रडला. मीही रडले. एक आजी भाजीची ट्रॉली ओढत आमच्या बाजूने गेली, तिने बघितलंही नाही. मग रहीमने डोळे पुसले आणि पंप आणून टायरमध्ये पुन्हा हवा भरली.

दुसरा संच घेतला, डबीसकट. भाऊजींना कळवलं की गाड्या विकायच्या नाहीत. मुक्ताने ते ऐकलं आणि बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "देन टीच मी हाउ टू हिच द कार. कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. मला स्वतःला मोठीमागे छोटी जोडणं धड येत नाही, हे नाही सांगितलं!

तुमच्याशिवाय तिथे जाणं जड जाणार, ठाऊक आहे मला. पण शब्द देते. तिच्या सुट्टीत आम्ही दोघी जाऊ. गाडी मी चालवेन, सावकाश. आणि थकले की कडेला घेऊन थांबेन. तुमच्यासारखं "अजून थोडं पुढे जाऊ" म्हणणार नाही.

जय भीम.

तुमचीच,
सुनंदा